सतराचा स्कोअर आणि २०१९ ची सीडी

ही नोंद पंचवटीत राहणाऱ्या एका बासष्ट वर्षांच्या गृहिणीची आहे. ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत आणि लिहिण्यापूर्वी त्यांची व त्यांच्या घरच्यांची परवानगी घेतली आहे. मी त्यांना मावशी म्हणतो, म्हणून इथेही तसेच लिहितो. फुप्फुसाचा जुना फायब्रोसिस, म्हणजे वण पडून फुप्फुस ताठर होण्याचा आजार, असलेल्या माणसाला कोरोनाची लागण होते तेव्हा आधीचा आजार नव्या आजाराला कसा बिकट करतो आणि नवा आजार आधीच्या आजाराला किती पुढे ढकलतो, या दोन्ही गोष्टी त्यांच्या बाबतीत तारीखवार नोंदवता आल्या. त्याचे बरेचसे श्रेय त्यांच्या घरातल्या एका शंभर पानी वहीला आणि कपाटात जपून ठेवलेल्या एका सीडीला जाते.

मावशींना २०१८ च्या पावसाळ्यापासून कोरडा खोकला होता. गोदाघाटावरून घरी परतताना पायऱ्या चढल्या की धाप लागायची. वर्षभर दम्याचे औषध, म्हणजे पंप, चालू होते. खोकला तसूभरही हलला नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये त्या माझ्याकडे आल्या तेव्हा पाठीवर स्टेथोस्कोप ठेवताच दोन्ही बाजूंना खालच्या भागात, श्वास आत घेताना, बुटाची चिकटपट्टी हळूहळू उकलावी तसा करकर आवाज येत होता. हा आवाज दम्याचा नसतो. दम्यात शिट्टी वाजते आणि ती बहुधा श्वास सोडताना वाजते. बोटांची नखेही किंचित फुगीर झालेली होती. त्यांनी कधी विडी-सिगारेट ओढली नव्हती. मात्र वाड्याच्या गच्चीवर त्या रोज सकाळी पारव्यांना ज्वारी टाकत, गच्चीच्या पत्र्याखाली पारव्यांची घरटी होती आणि विष्ठा झाडण्याचे कामही वीस वर्षे त्यांनीच केले होते.

छातीचा एचआरसीटी (बारकावे दाखवणारा सीटी स्कॅन), रक्ताच्या चाचण्या आणि फुप्फुसाच्या क्षमतेची चाचणी झाल्यावर निदान पक्के झाले. पारव्यांच्या पिसांतील आणि विष्ठेतील प्रथिनांविरुद्ध शरीराने वर्षानुवर्षे दिलेल्या प्रतिक्रियेतून हा फायब्रोसिस झाला होता. इंग्रजीत त्याला हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस म्हणतात. भारतात हा आजार दुर्मीळ नाही. देशातील १९ शहरांतल्या २७ केंद्रांनी मिळून १०८४ रुग्णांची जी नोंदवही केली, तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. फुप्फुसाच्या या प्रकारच्या आजारांपैकी जवळपास निम्मे रुग्ण त्यात हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिसचे निघाले. पक्ष्यांबरोबरच बुरशी धरलेले कूलर हेही त्यातले एक मोठे कारण होते. उन्हाळ्यात कूलर बाहेर काढून त्याच्या जाळ्या न बदलता तो तसाच सुरू करणारी घरे नाशिकमध्ये कमी नाहीत, म्हणून हे मुद्दाम लिहितो.

पारव्यांना दाणे टाकणे बंद करायला सांगणे हा उपचारातला सर्वांत अवघड भाग होता. मावशींसाठी तो नेम होता, सासूबाईंकडून आलेला. त्यांच्या यजमानांनी, म्हणजे काकांनी, शेवटी गच्चीला जाळी बसवली, घरटी काढून घेतली आणि मावशी माहेरी गेल्या असताना खोल्या धुऊन घेतल्या. प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडचा छोटा डोस आणि मायकोफेनोलेट सुरू झाले. एका श्वासात जोर लावून किती हवा बाहेर सोडता येते ते मोजणारी एफव्हीसी २०१९ मध्ये अपेक्षित प्रमाणाच्या ६४ टक्के होती, ती फेब्रुवारी २०२१ मध्ये ६१ टक्क्यांवर आली. घसरण थांबावी म्हणून निंटेडानिब जोडले. हे औषध मुळात कारण न समजणाऱ्या फायब्रोसिससाठी होते; २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ६६३ रुग्णांच्या अभ्यासात इतर कारणांनी वाढत जाणाऱ्या फायब्रोसिसमध्येही त्याने घसरणीचा वेग निम्म्याहून खाली आणल्याचे दिसले. औषध झालेले वण पुसत नाही, हे मी पहिल्याच दिवशी सांगितले होते.

याच काळात काकांनी ती शंभर पानी वही सुरू केली. तारीख, बसून असतानाचा ऑक्सिजन, सहा मिनिटे चालल्यानंतरचा ऑक्सिजन, असे तीन रकाने. मार्च २०२१ मधल्या नोंदी जवळपास सारख्या आहेत: बसून ९४, क्वचित ९३; चालून ८७. आजवर माझ्या हाती आलेल्या कोणत्याही अहवालापेक्षा मला ही वही जास्त कामाची वाटते.

१५ मार्चला मावशींनी लशीचा पहिला डोस घेतला. साठ वर्षांवरच्यांसाठी लसीकरण १ मार्चला सुरू झाले होते. दुसरा डोस सहा ते आठ आठवड्यांनी घ्यायचा होता. त्याआधीच, ११ एप्रिलच्या रात्री, अंग तापले. नातवाला दोन दिवसांपासून सर्दी होती. पाडव्याच्या दिवशी, १३ एप्रिलला, आरटीपीसीआर पॉझिटिव्ह आली.

इथे माझ्या हातून झालेली एक चूक लिहिणे मला आवश्यक वाटते. १५ एप्रिलला सकाळी काकांचा फोन आला, ऑक्सिजन ९२ आहे म्हणाले. सर्वत्र ‘९४ च्या खाली गेले की रुग्णालय’ असे सांगितले जात होते आणि त्या दिवसांत शहरात खाट मिळवणे म्हणजे दारोदार फिरणे होते. मावशींची नेहमीची पातळीच ९३-९४ आहे, तेव्हा ९२ म्हणजे फारसा फरक नाही, असे मी सांगितले. ते खरे होते आणि तरीही अपुरे होते. मी वहीतला तिसरा रकाना विचारायला हवा होता. संध्याकाळी सूनबाईंनी मावशींना स्वयंपाकघरापासून दारापर्यंत दोन फेऱ्या मारायला लावल्या तेव्हा आकडा ८१ वर उतरला. बसल्या जागी दोन अंकांचा फरक होता, पण चालल्यावर तो सहा अंकांचा झाला. फायब्रोसिसमध्ये वायुकोश आणि रक्तवाहिनी यांच्यामधला पडदा जाड झालेला असतो. शांत बसले असताना रक्ताला त्याच्याजवळून जायला पुरेसा वेळ मिळतो, म्हणून ऑक्सिजन कसाबसा भरून निघतो, पण चालताना रक्त वेगाने वाहते आणि तूट उघडी पडते. कोरोनाची सुरुवात नेमकी अशा तुटीवर भर घालते. म्हणून अशा रुग्णाच्या घरच्यांना मी आता दोन्ही आकडे विचारतो, आणि तेही त्याच्या स्वतःच्या जुन्या आकड्यांशी ताडून.

१६ एप्रिलला एचआरसीटी झाला. अहवालाच्या शेवटच्या ओळीत ठळक अक्षरांत स्कोअर होता: २५ पैकी १७.

त्या महिन्यात या स्कोअरने शहराला किती वेठीला धरले होते हे ज्यांनी पाहिले त्यांना वेगळे सांगायला नको. फुप्फुसांचे पाच खंड, प्रत्येक खंडाचा किती भाग बाधित दिसतो त्यावर शून्य ते पाच गुण, अशी त्याची सरळ बेरीज असते. मावशींचा मुलगा अंबडच्या कारखान्यातून थेट माझ्याकडे आला. त्याच्या हातात अहवाल होता आणि रेमडेसिव्हिरसाठी लिहून घेतलेल्या सहा-सात फोन नंबरांची चिठ्ठी होती. “डॉक्टर, सतरा म्हणजे व्हेंटिलेटरच ना?” एवढेच त्याने विचारले. मी त्याला घरी परत पाठवले आणि २०१९ ची सीडी आणायला सांगितले.

दोन्ही स्कॅन शेजारी शेजारी लावून आमच्या क्ष-किरणतज्ज्ञांबरोबर पाऊण तास बसलो. दोन्ही फुप्फुसांच्या कडेने असलेले जाळे आणि ताण पडून रुंदावलेल्या श्वासनलिका २०१९ मध्येही जशाच्या तशा होत्या. नवीन होती ती दुधी काचेसारखी धूसर छाया, उजव्या मधल्या खंडात आणि डाव्या वरच्या खंडात ठळक, इतरत्र विरळ. मग आम्ही ऑगस्ट २०१९ च्या, म्हणजे हा विषाणू जगाला ठाऊकही नव्हता तेव्हाच्या स्कॅनला तोच हिशेब लावून पाहिला. नऊ गुण भरले. सतरातले नऊ गुण पारव्यांचे होते.

यातून दोन निष्कर्ष निघत होते आणि ते एकमेकांच्या विरुद्ध दिशेचे होते. एक असा की कोरोनाचा न्यूमोनिया सतराच्या आकड्यावरून वाटत होता तेवढा पसरलेला नव्हता, त्यामुळे त्या रात्री व्हेंटिलेटरची खाट शोधत फिरण्याची गरज नव्हती. दुसरा असा की निरोगी फुप्फुसाच्या माणसाने घरी, गोळ्यांवर, पालथे झोपून काढला असता असा आठ गुणांचा न्यूमोनियाही मावशींसाठी सौम्य नव्हता, कारण ज्या शिलकीवर माणूस असा आजार निभावतो ती शिलक त्यांच्याकडे आधीच अर्ध्यावर आलेली होती. युरोपात पहिल्या लाटेत फुप्फुसाचे असे आजार असलेल्या १६१ रुग्णांची तुलना तशाच वयाच्या इतर कोरोना रुग्णांशी केली गेली. रुग्णालयात दाखल झालेल्यांपैकी ४९ टक्के दगावले, तर इतरांमध्ये हे प्रमाण ३५ टक्के होते. ज्यांची एफव्हीसी ८० टक्क्यांच्या खाली होती त्यांना धोका अधिक होता. हे आकडे मला माहीत होते. मुलाला मी एवढेच सांगितले की व्हेंटिलेटर नको, पण ऑक्सिजनची खाट उद्या सकाळपर्यंत हवीच. १७ एप्रिलला दुपारी ती मिळाली.

दाखल करताना औषधांची फेरजुळणी करावी लागली. प्रतिकारशक्ती दाबणारे मायकोफेनोलेट थांबवले. प्रेडनिसोलोन मात्र एकाएकी बंद करता येत नाही. दीड वर्ष बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिल्यावर शरीर स्वतःचे बनवणे कमी करते, आणि आजाराच्या ऐन भरात ते तोडले तर रक्तदाब कोसळू शकतो. उलट टोकाचा सल्लाही त्यांना कोणीतरी तापाच्या दुसऱ्याच दिवशी दिला होता, की स्टेरॉइड दुप्पट करा. तो त्यांनी मानला नाही हे बरे झाले. जून २०२० मध्ये ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीने दाखवले होते की रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोनचा फायदा ऑक्सिजन लागणाऱ्या आणि त्याहून अधिक व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांना होतो. ऑक्सिजन न लागणाऱ्यांना तो झाला नव्हता. मावशींना ऑक्सिजन लागला त्या दिवशी प्रेडनिसोलोनच्या जागी डेक्सामेथासोन आले. रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून हेपारिनच्या जातीचे इंजेक्शन सुरू केले आणि निंटेडानिबने रक्तस्राव वाढू शकतो म्हणून ते तेवढे दिवस थांबवले.

पहिले दोन दिवस मिनिटाला ४ लिटर ऑक्सिजन पुरला. १९ तारखेला १० लिटर लागले, २० ला नाकातून वेगाने ऊबदार ऑक्सिजन देणारे यंत्र लावावे लागले. पालथे झोपणे त्यांना जमेना. आखडलेले फुप्फुस दाबले गेले की खोकल्याची उबळ थांबत नसे. मग दोन तास डाव्या कुशीवर, दोन तास उजव्या, असा क्रम परिचारिकांनी लावला.

२१ एप्रिलला दुपारी शहरातल्या एका महापालिका रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती होऊन पुरवठा तुटला आणि वीसहून अधिक रुग्ण गेले. मावशी तिथे नव्हत्या. पण त्या रात्री आमच्या वॉर्डातला प्रत्येक नातेवाईक यंत्राच्या फुस्स आवाजाकडे कान लावून जागा होता, आणि आम्हीही.

दुसऱ्या दिवशी मी काका, मुलगा आणि सूनबाई यांच्याशी बोललो. ऑक्सिजन आणखी घसरला तर पुढे काय, हे ठरवायचे होते. फायब्रोसिसचे फुप्फुस ताठर असते. नळी घालून यंत्राने हवा ढकलली की ती वणाच्या भागात शिरत नाही, उरल्यासुरल्या चांगल्या भागात जास्त शिरते आणि त्यालाच ताणून इजा करते. फुप्फुस फुटण्याचा धोकाही वाढतो. अशा रुग्णांत व्हेंटिलेटरवरून परत येणारे थोडे असतात, हे मी आडपडदा न ठेवता सांगितले. काका म्हणाले, “तिलाच विचारा.” मावशी पूर्ण शुद्धीत होत्या. मी त्यांच्या खाटेशी बसून पुन्हा सगळे सांगितले. त्यांनी मास्क किंचित सरकवला आणि म्हणाल्या, “डॉक्टर, नळी नको. पण तोपर्यंत जे जे करता येईल ते सोडू नका.” तो निर्णय नोंदवहीत त्यांच्या शब्दांत लिहिला आणि काकांची सही घेतली.

२३ तारखेला त्यांच्या मानेखाली किंचित सूज आली. बोटाने दाबले की कुरमुरे दाबल्यासारखे करकरत होते. फुप्फुसातून निसटलेली हवा छातीच्या मधल्या भागात आणि तिथून कातडीखाली आली होती. नळी न घालताही असे घडते, हे कोरोनाच्या काळात पुष्कळ ठिकाणी दिसले. वण असलेल्या फुप्फुसात त्याची शक्यता जास्त. हवेचा प्रवाह थोडा कमी केला आणि वाट पाहिली. आठवड्याभरात ती हवा आपोआप जिरली.

खरा पेच वेगळा होता. आजाराच्या तेराव्या दिवशी प्रकृती खालावत असताना हा विषाणूचाच पुढचा टप्पा आहे, वर जिवाणूसंसर्ग झाला आहे, फुप्फुसात गुठळी गेली आहे, की विषाणूच्या निमित्ताने जुन्या फायब्रोसिसने एकदम उचल खाल्ली आहे? चारही शक्यतांमध्ये स्कॅनवर दिसणारी छाया फार वेगळी नसते. जिवाणूसंसर्गात रक्तात वाढणारे प्रोकॅल्सिटोनिन कमी आले, थुंकीत जिवाणू वाढले नाहीत, रक्तवाहिन्यांच्या सीटीत गुठळी नव्हती. उरल्या दोन शक्यता, आणि त्यांच्यातली सीमारेषा मला आजही आखता येत नाही. बहुधा ती नसतेच. आम्ही डेक्सामेथासोनच्या जागी मिथाइलप्रेडनिसोलोन हे दुसरे स्टेरॉइड दिवसाला ८० मिलिग्रॅम सुरू केले. फायब्रोसिसच्या अशा उचलीत स्टेरॉइड देण्याची प्रथा जुनी आहे, तिच्यामागचा पुरावा मात्र तोकडा आहे, आणि घरच्यांना मी तसेच सांगितले. साखर ३०० च्या वर गेली, इन्सुलिन लागले, आणि काळ्या बुरशीच्या भीतीने रोज नाक, टाळू व डोळे तपासले. २७ एप्रिलपासून ऑक्सिजनची गरज उतरू लागली. १२ मे रोजी मावशी कॉन्सन्ट्रेटरसह घरी गेल्या, बसून १ लिटर, चालताना ३ लिटर.

आता दुसरी दिशा, म्हणजे विषाणूने वणांचे काय केले. हा विषाणू पेशीत शिरतो तो एसीई-२ नावाच्या कडीला धरून, आणि वायुकोशांच्या अस्तरातल्या दुसऱ्या प्रकारच्या पेशींवर ही कडी असते. याच पेशी जखमी अस्तराची डागडुजी करतात. त्या स्वतःचे रूप पालटून नवे पातळ अस्तर घडवतात. मोठी इजा झाली की काही पेशी या रूपांतराच्या मध्येच अडकून पडतात, आणि अडकलेल्या पेशी टीजीएफ-बीटासारखे संदेश देत राहतात, ज्यांच्या हुकमावर आजूबाजूच्या पेशी कोलॅजनचे धागे विणत सुटतात. कारण न समजणाऱ्या फायब्रोसिसमध्ये आणि कोरोनाने गंभीर आजारी झालेल्यांच्या फुप्फुसात अशाच अडकलेल्या पेशी सापडल्या आहेत. बहुसंख्य कोरोना रुग्णांत हे विणकाम थांबते आणि महिन्या-महिन्यांनी छाया विरते. ज्यांच्या फुप्फुसात ते आधीपासूनच चालू आहे, तिथे नवी जखम जुन्या आगीत लाकूड घालते.

एक गोष्ट मात्र या सरळ हिशेबात बसत नाही. एमयूसी-५बी या जनुकाचा एक विशिष्ट बदल फायब्रोसिसचा धोका सर्वांत जास्त वाढवतो, आणि तोच बदल असलेल्यांमध्ये कोरोनाचा गंभीर आजार कमी आढळला. म्हणजे दोन्ही आजारांची मुळे काही ठिकाणी एक आहेत आणि काही ठिकाणी उलट दिशेने वळलेली आहेत. मावशींची जनुकीय तपासणी झालेली नाही आणि तिने उपचार बदलले नसते.

त्यांच्या बाबतीत काय उरले ते ऑगस्ट २०२१ च्या स्कॅनवर दिसले. डाव्या वरच्या खंडातली धूसर छाया जवळजवळ पूर्ण विरली होती. उजव्या मधल्या खंडात, जिथे २०१९ मध्ये अगदी थोडे जाळे होते, तिथे आता ताणून रुंदावलेल्या श्वासनलिका आणि घट्ट वण होते. एफव्हीसी ४९ टक्के. आधीच्या दीड वर्षात तीन टक्के गेले होते, या सहा महिन्यांत बारा. निंटेडानिब जूनमध्येच पुन्हा सुरू केले होते, मायकोफेनोलेट लशीच्या दुसऱ्या डोसनंतर दोन आठवड्यांनी, कारण ते चालू असताना लशीला शरीराचा प्रतिसाद दबतो. कोरोनातून बरे झाल्यावर तीन महिने थांबण्याचा तेव्हाचा नियम असल्याने तो डोसही ऑगस्टमध्येच झाला. फिजिओथेरपिस्टने शिकवलेला व्यायाम मावशींनी एकही दिवस चुकवला नाही. एप्रिल २०२२ मध्ये एफव्हीसी ५२ झाली. ६१ परत आले नाहीत.

मधल्या काळात, जानेवारी २०२२ मध्ये, घरात पुन्हा कोरोना आला. या वेळी काकांनी तापाच्या पहिल्याच संध्याकाळी फोन केला आणि न विचारता तिन्ही रकाने वाचून दाखवले: तारीख, बसून ९१, चालून ८३, आणि मग नेहमीचे आकडे, ९२ व ८५. लवकर सुरू केलेल्या तीन दिवसांच्या रेमडेसिव्हिरने धोक्याच्या गटातील रुग्णांत रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण ८७ टक्क्यांनी घटल्याचे त्याच सुमारास प्रसिद्ध झाले होते. तिसऱ्या दिवसापासून तीन दिवस सकाळी येऊन इंजेक्शन घेऊन मावशी दुपारी घरी जात होत्या. स्टेरॉइड वाढवले नाही, कारण ऑक्सिजनची गरज नेहमीपेक्षा वाढली नाही. स्कॅन काढलाच नाही.

गच्चीची जाळी अजून तशीच आहे. नेम मोडू नये म्हणून काका सकाळी मूठभर ज्वारी घेऊन खाली घाटावर जातात आणि परत आल्यावर सदरा बाहेरच काढून ठेवतात. २०१९ ची सीडी, एप्रिल २०२१ ची सीडी आणि वही एकाच पिशवीत घालून दाराजवळच्या खुंटीला टांगलेली आहे. पिशवीवर सूनबाईंनी मोठ्या अक्षरांत लिहिले आहे, ‘आईंची नेहमीची लेव्हल ९२, चालून ८५. जुना स्कॅन आत आहे, आधी तो बघा.’